चार आसनी विमानाचा वर्षाचा हिशेब

माझ्या आणि एका भागीदाराच्या मालकीचे एक विमान आहे हे कळल्यावर बहुतेक मराठी मंडळी किंमत विचारतात, आणि ती सांगितली की पुढचे प्रश्न उरतच नाहीत, कारण डॉलरांचे रुपये करून जो आकडा मनात उभा राहतो त्यातच संभाषण आटोपते. वास्तविक किंमत हा या व्यवहारातला सर्वांत सोपा भाग आहे. चांगल्या स्थितीतले जुने सेसना १७२, म्हणजे आमच्यासारखे चार आसनी विमान, अमेरिकेत आज साधारण एक लाख डॉलरच्या आसपास मिळते आणि नीट सांभाळले तर विकताना त्यातली बरीच रक्कम परतही येते. परत येत नाही तो दर वर्षी होणारा खर्च. त्याची खोड अशी की विमान उडवले नाही तरी तो थांबत नाही, आणि काही बाबतींत तर न उडवल्यामुळेच वाढतो. कॅलिफोर्नियात राहून आम्ही हा खर्च कसा मांडतो ते इथे लिहीत आहे. आकडे आमच्या वहीतले असून गोल केलेले आहेत. दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या विमानतळावर ते वेगळे येतील.

आमचे विमान १९७८ सालचे आहे आणि या बाजारात ते म्हातारे समजले जात नाही. सेसनाने १९५६ पासून आजवर ४४,००० हून अधिक १७२ विमाने बांधली आहेत, पण १९८६ मध्ये कंपनीने त्यांचे उत्पादन थांबवले होते. मागणी घटली होती आणि अपघातांनंतरच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचा बोजा कारखान्यांना पेलवत नव्हता. १९९४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून अशा लहान विमानांच्या बाबतीत उत्पादकाची जबाबदारी १८ वर्षांपुरती मर्यादित केली, आणि त्यानंतर १९९६ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाले. नव्या विमानाची किंमत आता चार लाख डॉलरांहून अधिक आहे. त्यामुळे आमच्यासारखा नोकरदार मनुष्य विमान घेतो तेव्हा तो बहुधा चाळीस-पन्नास वर्षांचे विमान घेतो, आणि पुढच्या खर्चाचा बराचसा स्वभाव या वयावरूनच ठरतो.

आधी बसून होणारा खर्च पाहू. विमान ठेवायला जागा लागते. आम्ही ते उघड्यावर, जमिनीतल्या कड्यांना दोन्ही पंख आणि शेपूट दोरांनी बांधून ठेवतो आणि त्या जागेचे महिन्याला दोनशे डॉलर भरतो. दावणीच्या बैलाला काम असो वा नसो, वैरण घालावीच लागते, तसे हे भाडे आहे. हँगर मिळाला तर रंग, काचा आणि आतली उपकरणे उन्हापावसापासून वाचतात, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात त्याचे भाडे तिप्पट-चौपट पडते आणि प्रतीक्षायादी वर्षानुवर्षे हलत नाही. विम्याचे वर्षाला अठराशे डॉलर जातात. खासगी विमानाचा विमा काढलाच पाहिजे असे संघराज्याचा कायदा म्हणत नाही, परंतु विमानतळाशी होणाऱ्या करारात ती अट असते, तेव्हा सुटका नाही. विमा कंपनी विमानाइतकीच वैमानिकाची चौकशी करते: एकूण किती तास उडवले, त्यांपैकी या प्रकारच्या विमानात किती, ढगांतून उपकरणांच्या आधारे उडण्याचे प्रशिक्षण झाले आहे का. आमच्या विम्यात दायित्वाची मर्यादा दहा लाख डॉलरची दिसते, पण त्याच कागदावर खाली प्रत्येक प्रवाशामागे एक लाखाची उपमर्यादा आहे. विमा घेणाऱ्याने ती ओळ मोठ्या आकड्याआधी वाचावी असे मला वाटते.

कॅलिफोर्नियातले परगणे (काउंटी) विमानावर दर वर्षी मालमत्ता कर लावतात, तो बाजारभावाच्या शेकडा एकच्या आसपास असतो. म्हणजे आमच्यासाठी सुमारे हजार डॉलर. यातून सुटण्याची एक मजेशीर वाट आहे. पस्तीस वर्षे किंवा त्याहून जुने विमान ऐतिहासिक म्हणून करमुक्त होऊ शकते, त्यासाठी ३५ डॉलर भरून अर्ज करायचा आणि वर्षातून किमान बारा दिवस विमान लोकांना पाहण्यासाठी मांडायचे. माझ्या भागीदाराला ही कल्पना फार आवडली होती. मात्र त्याच कलमात विमान सर्वसाधारण प्रवासासाठी वापरलेले नसावे अशीही अट आहे, आणि आम्ही तर त्यात बसून कॅलिफोर्नियातल्याच कोलंबिया या जुन्या सोनेखाणींच्या गावाला जातो, पाच नंबरच्या हमरस्त्यालगतच्या हॅरिस रँचच्या धावपट्टीवर उतरून जेवून येतो. तेव्हा कर भरतो.

नोंदणीचा खर्च नगण्य आहे, पण नोंदणी कोणाच्या नावावर होऊ शकते हे इथल्या मराठी वाचकांनी आधी पाहावे. संघीय विमान प्रशासन, म्हणजे एफएए, अमेरिकी नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या नावावर विमान नोंदवते. एच-१बी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला वैमानिकाचा परवाना मिळू शकतो, विमान भाड्याने घेऊन उडवताही येते, परंतु स्वतःच्या नावावर विमान नोंदवता येत नाही.

आता वार्षिक तपासणी. खासगी विमानाची दर बारा महिन्यांनी विशेष अधिकार असलेल्या मेकॅनिककडून संपूर्ण तपासणी होऊन विमानाच्या नोंदवहीत तशी सही पडली नाही, तर ते विमान उडवणे बेकायदेशीर ठरते. तपासणीची ठरलेली मजुरी अठराशे डॉलर आहे, पण त्या आकड्याला फारसा अर्थ नाही, कारण खरा खर्च तपासणीत जे सापडते त्याचा असतो. मजुरी थोडी कमी व्हावी म्हणून आसने काढणे, गालिचा उचलणे, पंखांखालच्या तपासणीच्या झाकणांचे स्क्रू काढणे ही कामे आम्ही मेकॅनिकच्या देखरेखीखाली स्वतः करतो. पैसे वाचतात हे खरेच, पण आपण ज्याच्या भरवशावर आकाशात जातो ते आतून कसे आहे हे एकदा डोळ्यांनी दिसते, याची किंमत मला अधिक वाटते. आसने ज्या रुळांवर सरकतात त्या रुळांतली खिळ बसण्याची भोके मापून पाहिली जातात, कारण ती झिजली तर उड्डाणाच्या क्षणी आसन मागे घसरू शकते आणि घाबरलेला वैमानिक हातातले नियंत्रणाचे चाक धरूनच मागे ओढला जातो. असे अपघात घडल्यामुळेच हे मोजमाप एफएएने सक्तीचे केले.

सर्वांत जास्त उत्कंठा कॉम्प्रेशनच्या चाचणीची असते. एकेका सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडतात आणि त्यातला किती दाब टिकतो ते दुसऱ्या दाबमापकावर पाहतात. सत्तरच्या वर काटा राहिला की सगळे निर्धास्त असतात. एका वर्षी आमच्या एका सिलिंडरचा काटा पन्नाशीच्या खाली आला, तेव्हा मेकॅनिकने काही न बोलता मला विमानाच्या नाकाखाली वाकून एक्झॉस्टच्या नळीला कान लावायला सांगितले. आत हवा सुसू करत निसटत होती. हवेचा आवाज तिथून आला तर गळती एक्झॉस्ट व्हॉल्व्हची, कार्ब्युरेटरकडून आला तर आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची, आणि ऑइल भरण्याच्या तोंडाशी ऐकू आला तर पिस्टनच्या रिंगांची. त्या वर्षी सिलिंडर उतरवून दुरुस्त करावा लागला आणि तपासणीचे बिल ठरलेल्या मजुरीच्या दुपटीवर गेले. पुढच्या वर्षी जवळजवळ काहीच निघाले नाही. अशी चढउतार धरून आम्ही या खात्यावर वर्षाला अडतीसशे डॉलर मांडतो. ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारे यंत्र) आणि उंचीमापकाची दर दोन वर्षांनी होणारी चाचणी, तसेच नकाशे आणि जीपीएसच्या माहितीची वर्गणी यांचे मिळून वर्षाला पाचशे. जागा, विमा, कर आणि हे सगळे एकत्र केले की साडेनऊ हजार डॉलर होतात, आणि इथवर आम्ही इंजिनची चावीसुद्धा फिरवलेली नाही.

इंजिन सुरू झाले की तासाला साधारण साडेआठ गॅलन पेट्रोल जळते. आमच्याकडे त्याचा भाव गॅलनला सात डॉलरच्या आसपास असल्यामुळे तासाचे साठ डॉलर होतात. त्यात गॅलनमागे १९.४ सेंट संघीय कर आहे, पण त्याच्या बदल्यात हवाई वाहतूक नियंत्रकांची सेवा खासगी वैमानिकाला वेगळे पैसे न देता मिळते, आणि बहुतेक लहान विमानतळांवर उतरण्याचे शुल्कही नसते. हे पेट्रोल अजून शिसेयुक्त आहे. स्पार्क प्लग काढले की खालच्या प्लगांच्या तोंडाशी शिशाचे बारीक करडे मणी अडकलेले दिसतात, ते टोकदार सळीने उकरून काढावे लागतात. सँटा क्लारा परगण्याने आपल्या विमानतळांवर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ जानेवारी २०२२ पासून बंद केली, आणि राज्याच्या कायद्याप्रमाणे २०३१ पासून ती संपूर्ण कॅलिफोर्नियात बंद होणार आहे. धावपट्टीच्या कुंपणापलीकडे मुलांच्या शाळा असतात, हे पाहता त्याला विरोध करण्याचे धैर्य मला होत नाही. भाव वाढला तर वाढेल.

पेट्रोलच्या पलीकडचा खर्च लोक विसरतात तो इंजिनच्या पुनर्बांधणीचा. आमचे लायकमिंग इंजिन दोन हजार तासांनी पूर्ण उलगडून पुन्हा बांधावे अशी कारखान्याची शिफारस आहे. खासगी मालकावर तिचे कायदेशीर बंधन नाही, आणि पुष्कळ इंजिने त्यापुढेही व्यवस्थित चालतात, पण वेळ येते तेव्हा काढण्या-बसवण्यासह चाळीस हजार डॉलरची तयारी ठेवावी लागते. म्हणून प्रत्येक तासामागे वीस डॉलर आम्ही वेगळ्या खात्यात टाकतो. ते टाकले नाहीत तरी हिशेब चुकत नाही, कारण विमान विकताना खरेदीदार इंजिनचे झालेले तास पाहतो आणि तेवढी रक्कम वळती करूनच भाव सांगतो.

कारखान्याच्या शिफारशीत तासांबरोबर बारा वर्षांचीही मर्यादा आहे, आणि तिचे कारण न उडवल्याने वाढणाऱ्या खर्चात आहे. लायकमिंगच्या या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, वरच्या बाजूला बसवलेला असतो. विमान आठवडेच्या आठवडे उभे राहिले की त्याच्यावरचे ऑइल खाली निथळते, आतल्या दमटपणाने उघड्या पोलादावर गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि इंजिन पुन्हा सुरू झाल्यावर त्या खड्ड्यांच्या कडा झिजून त्यांचा चुरा ऑइलमध्ये येतो. १९७७ ते १९८० च्या १७२ मध्ये बसवलेले एच२एडी प्रकारचे इंजिन याबाबत विशेष बदनाम आहे, आणि आमचे नेमके तेच आहे. नुसते जमिनीवर दहा मिनिटे इंजिन चालवून ठेवण्याचा उपायही उलटा पडतो. ऑइल पुरेसे तापत नाही आणि जळणातून तयार झालेले पाणी आतच राहते. म्हणून ऑइल बदलताना आम्ही जुना फिल्टर फेकून देत नाही. कटरने त्याचे डबडे गोल कापायचे, आतल्या कागदाच्या चुण्या सुऱ्याने सोडवून शेगड्यात (व्हाइसमध्ये) दाबून ऑइल पिळून काढायचे, आणि मग उन्हात तो कागद पसरून चमकणारे कण शोधायचे. कण चुंबकाला चिकटले तर ते पोलादाचे, आणि त्या संध्याकाळी जेवण गोड लागत नाही.

ऑइल, फिल्टर आणि प्लग यांचे तासाला पाच डॉलर धरले की उडण्याचा तासाचा खर्च पंच्याऐंशी होतो. आता दोन्ही बाजू एकत्र करा. वर्षाला शंभर तास उडवले तर तास १८० डॉलरला पडतो, पन्नास उडवले तर २७५ ला, आणि पंचवीसच उडवले तर ४६५ ला. अशाच जुन्या विमानाचे भाडे पेट्रोलसकट तासाला १९० डॉलर धरले, तर वर्षाला नव्वद तासांहून कमी उडणाऱ्या एकट्या माणसाने विमान विकत घेणे आर्थिकदृष्ट्या तोट्याचे आहे. गुंतलेल्या लाखभर डॉलरांवर बुडालेले शेकडा चारचे व्याज धरले तर ही रेषा सव्वाशे तासांच्या पुढे सरकते. नोकरी, मुले आणि हिवाळ्यातले धुके सांभाळून एवढे तास गाठणारे मालक मी फार थोडे पाहिले आहेत.

सोबत येणारे मित्र वाटा देऊ करतात, त्यालाही मर्यादा आहे. खासगी परवान्याच्या वैमानिकाने खर्चातला आपला समान हिस्सा भरलाच पाहिजे, आणि वाटून घेता येतो तोही फक्त पेट्रोल, ऑइल, विमानतळाचे शुल्क आणि विमान भाड्याचे असेल तर ते भाडे एवढाच खर्च. विमा, जागा, तपासणी आणि इंजिनचे खाते यांतला एक डॉलरही प्रवाशाकडून घेता येत नाही. भागीदाराकडून मात्र घेता येतो. दोन मालक झाले की बसून होणारा खर्च निम्मा होतो, प्रत्येकाने पंचेचाळीस तास उडवले तरी भाड्याशी बरोबरी होते, आणि इंजिनला दुप्पट वेळा गरम ऑइल मिळते. भांडणे झालीच तर शनिवारच्या सकाळींवरून होतात, आणि ती लेखी करारात आठवडे आलटूनपालटून वाटून घेतले की मिटतात. सध्या आम्ही तिसऱ्या भागीदाराच्या शोधात आहोत. दोघे इच्छुक आले होते. एकाला विमान मुख्यतः सुट्टीत पाहुण्यांना फिरवण्यासाठी हवे होते, म्हणून नम्रपणे नाही म्हटले. दुसऱ्याला महिन्यातून तीन-चार तास सरावासाठी उडायचे आहे, आणि त्याने विमा कंपनीकडे आपल्या तासांची नोंद पाठवली आहे. हप्ता किती वाढतो ते कळले की करार करू.