समर स्टडी अब्रॉडची तयारी: भारतीय पासपोर्ट असेल तर निघायच्या सहा महिने आधी हे वाचा

परत येऊन चार दिवस झालेत, अंगठ्याचं नख अजून काळं आहे, पण डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकते कारण पुढच्या वर्षी आमच्यातलं कुणीतरी परत याच खड्ड्यात पडेल.

मी मूळची साताऱ्याची, सध्या टेक्ससमधे एका ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत शिकते. आमचा उन्हाळ्यात तीन आठवड्यांचा प्रोग्राम असतो, स्पेनमधे कामिनो दे सांतियागो, म्हणजे ख्रिश्चनांची जुनी पायी यात्रा. सारिया ते सांतियागो दे कोम्पोस्तेला, साधारण ११५ किमी पायी, आणि जोडीला चर्चच्या इतिहासाचा कोर्स. फॉर्मला पास्टरचं पत्र लागतं. मी हिंदू आहे, ऑफिसला सरळ विचारलं, त्यांनी प्रोफेसरचं पत्र चालेल म्हणून सांगितलं आणि विषय तिथेच संपला. यावरून घाबरून फॉर्मच न भरणारे दोघं माझ्या ओळखीत आहेत, त्यांनी खरंच भरायला हवा होता.

खरा घोळ व्हिसाचा. माहितीच्या मीटिंगमधे स्पष्ट सांगितलं की व्हिसा लागत नाही, पासपोर्ट तेवढा व्हॅलिड ठेवा. बावीस जणांत अमेरिकन पासपोर्ट नसलेल्या आम्ही दोघीच, मी आणि नायजेरियाची एक मुलगी, आणि ते वाक्य आमच्यासाठी नव्हतंच हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मला कळलं मार्चच्या मधे, तेही घरी फोनवर बोलताना बाबांनी विचारलं म्हणून. तोवर प्रोग्रामचे पैसे भरून झालेले, परत न मिळणारे.

तर नीट ऐका. शेंगेन व्हिसा म्हणजे स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि शेवटची मुदत १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत लागू शकतात. फी ९० युरो, व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. अर्ज तुम्ही राहता त्या भागाच्या स्पॅनिश कॉन्सुलेटकडेच करायचा, म्हणजे आम्हाला ह्यूस्टन. मला अपॉइंटमेंट मिळाली ६ मेची आणि जायचं होतं २ जूनला, पहाटे चार वाजता उठून स्लॉट बघायचे, तीन आठवडे रोज.

बरं, तिथे गेल्यावर काउंटरवरच्या बाईने इन्शुरन्सचं पत्र बाजूला काढलं. नियम असा की किमान ३०,००० युरोचं कव्हर पाहिजे, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं आणि मायदेशी परत नेण्याचा खर्च धरून. युनिव्हर्सिटीच्या ग्रुप पॉलिसीच्या पत्रात यातलं एक अक्षर नव्हतं, रक्कम डॉलरमधे आणि माझं नावसुद्धा नव्हतं. ऑफिसला फोन लावला तर चॅपलची म्हणजे प्रार्थनेची वेळ, सगळं बंद. शेवटी तिथेच खुर्चीत बसून फोनवरून वेगळी पॉलिसी घेतली, समोरच्या दुकानात प्रिंट काढली आणि धावत परत आले. पासपोर्ट हातात आला २८ मेला. त्या तीन आठवड्यांत मी धड जेवलेले नाही.

म्हणून सांगते, सिलेक्शनचा ईमेल आला की त्याच आठवड्यात स्लॉट शोधा आणि इन्शुरन्सचं पत्र स्वतःच्या नावाचं मागून घ्या. ऑफिस सांगेल ते अमेरिकन मुलांसाठी आहे असं धरूनच चाला. आमच्या ग्रुपने परतताना लंडनला दोन रात्री ठेवल्या होत्या, शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, ब्रिटनचा वेगळा लागतो, मी ते सोडून माद्रिदहून थेट परत आले.

आता चालण्याचं. मी साताऱ्यात रोज अजिंक्यतारा चढणारी, त्यामुळे दम लागायचा प्रश्न नव्हता. तुम्हीही रोज दहा किमी पाठीवर सॅक घेऊन चालू शकत असाल असं धरते, नसेल तर आत्ता सुरू करा. बाकीचे दिवस ठीकच आहेत, पण पालास दे रेइ ते आर्सुआ हा २९ किमीचा दिवस वाईट. सारखं ओढ्यात उतरायचं आणि परत चढायचं. मेलिदेपर्यंत बरं वाटतं, तिथे सगळे ऑक्टोपस खायला थांबतात. तिथून पुढे पावसात चिखल, रिबादिसोला दगडी पुलाखाली नदीत पाय सोडून बसलं की वाटतं संपलं, आणि मग आर्सुआपर्यंत शेवटचे तीन किमी चढ. मी प्रोग्रामच्या सामानाच्या यादीत लिहिले होते म्हणून जाड वॉटरप्रूफ बूट घेतलेले. एकदा आत पाणी गेलं की ते बाहेर येतच नाही, मोजा काढला तर टाचेची कातडी मोज्याबरोबर आली. साधे ट्रेल शूज घालणाऱ्या मुलींना काही झालं नाही. जाड बूट घेऊ नका, विषय संपला. शूज अर्धा साइज मोठे आणि निदान महिनाभर वापरलेले पाहिजेत.

त्या रात्री प्रोफेसरांनी जर्नल लिहायला लावलं, कोर्सचं वाचन मात्र आधीच करून ठेवा, तिथे डोळे उघडे राहत नाहीत.

शाकाहारी असाल तर तोर्तिया, म्हणजे बटाटा-अंड्याचं जाड आम्लेट, त्यावर दिवस काढावे लागतात. अंडं न खाणाऱ्यांचे फार हाल आहेत. हिरवं सूप म्हणून देतात त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं आणि सॅलडमधे ट्यूना, न सांगता. थेपले, भाजलेले शेंगदाणे, मेतकूट घेऊन जा.

यात्रा पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट पाहिजे असेल तर यात्रेच्या पासपोर्टवर शेवटच्या १०० किमीत रोज दोन शिक्के घ्यायचे, सकाळी कॅफेत एक आणि मुक्कामी एक.

आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. एफ-१, म्हणजे अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा, परत यायच्या तारखेला चालू असला पाहिजे. तो संपला तरी चालतं ही सवलत कॅनडा, मेक्सिको आणि आसपासच्या बेटांपुरती आहे, स्पेनहून येताना नाही. आय-२० (युनिव्हर्सिटी देते तो विद्यार्थी असल्याचा कागद) वर प्रवासाची सही वर्षाच्या आतली पाहिजे. सॅक पुढच्या गावी गाडीने पाठवायची सोय असते, मी एक दिवस पाठवली आणि आय-२० त्यातच राहिलं, संध्याकाळी सॅक हातात येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. पासपोर्ट आणि आय-२० प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधा, अंघोळीला जातानाही आत न्या.