दोन पॉइंट शून्य तीन

शुक्रवार, रात्र

दुपारपासून एका आकड्यापाशी अडले आहे. २.०३.

पीएच.डी.च्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहायचं म्हणून मागच्या सप्टेंबरची वही काढली. रावेरकडच्या केळीबागांतले नमुने, सीएमव्ही या विषाणूसाठी एलायझा, म्हणजे रंगावरून विषाणू ओळखायची चाचणी. प्रत्येक नमुना प्लेटवरच्या शेजारशेजारच्या दोन वेलमध्ये, म्हणजे खळग्यांमध्ये, शेवटी ४०५ नॅनोमीटरला रीडिंग. सातव्या नमुन्याच्या पहिल्या वेलसमोर ०.१३१, दुसऱ्या वेलसमोर २.०३. त्या प्लेटवरचं निरोगी पान ०.१२ च्या आसपास. म्हणजे एक वेल सांगतेय झाड ठणठणीत, दुसरी सांगतेय हरण्या, म्हणजे याच विषाणूचा रोग. अशा वेळी नमुना पुन्हा लावायचा असतो. एम.एस्सी.च्या मुलांना हे मीच सांगते. आणि मी काय केलं, तर दोन्हींची सरासरी काढली, १.०८, पुढे 'पॉझिटिव्ह' लिहिलं आणि पान उलटलं.

रीडरची पट्टी शेजारी चिकटवलेली आहे. थर्मल कागद, वर्षभरात कोरा झालाय. उजेडाकडे धरून पाहिला, तिरका धरून पाहिला. काही नाही.

मग लक्षात आलं. त्या पानावरचा प्रत्येक आकडा दशांशचिन्हानंतर तीन अंकी. ०.१२४, १.७६२, ०.११८. रीडर तीनच अंक देतो. हा एकटाच दोन अंकी.

संध्याकाळी मामाच्या गोडाऊनला गेले. ठिबकच्या नळ्यांच्या वेटोळ्यांमागे माझा एर्गो, नौकानयनाच्या सरावाचं यंत्र, वर खिळ्याला त्याची वही टांगलेली. तीच तारीख. पहाटे पाच चाळीस. २००० मीटर, ८ मिनिटं १२ सेकंद. ५०० मीटरची सरासरी, म्हणजे स्प्लिट, दोन मिनिटं तीन सेकंद.

सीटवर तशीच बसून राहिले. पट्ट्यांत पायही अडकवले नाहीत. मामाचा पोरगा दोनदा डोकावून गेला.

चूक माझी आहे, त्यात काही प्रश्नच नाही. पण दुपारपासून जे टोचतंय ते वेगळं आहे. त्या पानाखाली सरांची, माझ्या गाइडची, सही आहे. अकरा महिने ते पान सहीसकट तसंच पडून आहे. म्हणजे सरांनी वाचलंच नाही? दोन वेलमध्ये एवढी तफावत, ती सरांच्या नजरेतून सुटेल? की सही करताना मनात हेच होतं, की ही आज आहे, उद्या स्पर्धेला जाईल, हिची वही वाचण्यात कशाला वेळ घालवायचा?

हा विचार एकदा शिरला की बाकीचं आपोआप मागे येतं. लॅबमध्ये मी खेळाडू. नाशिकला पाण्यावर मी पीएच.डी.वाली ताई. दोन्हीकडे कौतुकाच्याच सुरात म्हणतात, आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच निघतो, की ही आपल्यातली पुरती नाही. शनिवारी रात्री गाडी धरायची, पाचोरा आणि चाळीसगाव झोपेत जातात, पहाटे बोट पाण्यात, रविवारी रात्री परत, सोमवारी सकाळी पुन्हा बफर. मनमाडला बहुतेक वेळा जाग येते आणि दत्तू भोकनळ आठवतात. तिथून जवळच, चांदवड तालुक्यातले. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या भागातला माणूस लष्करात जाऊन वल्हं हातात घेतो आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या शर्यतीत, तेरावा येतो. मला धीर द्यायचा झाला की सगळे त्यांचं नाव घेतात. किंवा अमेरिकेच्या जेव्ही स्टोनचं, जिने डॉक्टर होऊन त्याच रिओत रौप्यपदक मिळवलं. धीर येतो, खरंच येतो. पण त्यांच्या वहीत असं एखादं पान होतं का, हे कोणी सांगत नाही.

माझा लाइटवेट, म्हणजे कमी वजनाचा गट तर पॅरिसनंतर ऑलिंपिकमधूनच गेला. ते आज नको.

आईचा फोन आला होता. कानबाईचे रोट उरलेत, घरच्यांनीच संपवायचे असतात, तू कधी येतेस? मी लॅबचं कारण दिलं. मागच्या आठवड्यात नाशिकचं दिलं होतं. ती म्हणाली, बरं. तिचं ते 'बरं'.

खोलीवर आल्यावर पुन्हा वही उघडली. टेबललॅम्प जवळ ओढला. आणि समासात, २.०३ च्या अगदी बाजूला, पेन्सिलचा ठिपका दिसला. मोहरीएवढासुद्धा नाही. माझा नाही, मी वहीत पेन्सिल वापरत नाही. मग अख्खी वही पानापानानं पाहिली. असे आणखी दोन ठिपके सापडले. एक जिथे सौम्यीकरणाचा हिशेब चुकला होता आणि चार पानांनंतर माझा मीच दुरुस्त केला होता. दुसरा जिथे तारीख चुकली होती, ती नंतर खोडून नीट केली आहे, तिथे.

म्हणजे सरांनी वाचलं होतं. ओळ न ओळ.

आधी संतापच आला. अकरा महिने! एक शब्द तर बोलायचा. रोज समोर असते मी, चहाला बरोबर असते. मग ते दोन ठिपके पुन्हा पाहिले. ती दोन्ही पानं मी न सांगता दुरुस्त केली होती. सरांची पद्धतच ती असावी, ठिपका ठेवायचा आणि थांबायचं. या तिसऱ्या ठिपक्यापाशी ते अजून थांबलेलेच आहेत आणि मी इतके दिवस तिकडे फिरकलेच नाही. दुपारी त्यांच्याबद्दल काय काय मनात आणलं, ते आठवून आता कानकोंडं होतंय.

तरी एक गोष्ट सुटेना. मी तो आकडा तिथे लिहिलाच कसा? दमून लिहिला असेल, असं धरून चालले होते. झोप नाही, दोन ठिकाणची ओढाताण, त्यात हात घसरला, असं. पण एर्गोची वही तसं सांगत नाही. तो दिवस मला नीट आठवतो. गोडाऊनच्या पत्र्यावर रात्रीच्या पावसाचं पाणी अजून टपटपत होतं. उन्हाळ्यात तिथे जीव नकोसा होतो, तापलेली हवा विरळ होते, एर्गोच्या पंख्याची हवेची झडप, डँपर, तिथेच ठेवली तरी ड्रॅग, म्हणजे हवेचा रोध, खाली येतो, साखळी हाताला हलकी लागते आणि अंगात मात्र त्राण नसतं. त्या पहाटे हवा गार आणि जड होती. पहिले ५०० मी मुद्दाम राखून काढले. तिसऱ्या पाचशेत नेहमी मांड्या भरून येतात आणि स्प्लिट दोन-सहा, दोन-सातवर सरकतो. त्या दिवशी सरकला नाही. सीट पुढे येताना मी घाई केली नाही, पाय रेटल्याशिवाय हात ओढले नाहीत, आणि पडद्यावर तोच आकडा पुन्हा पुन्हा येत राहिला, जणू कोणी तिथे खिळा मारून ठेवलाय. सव्वाआठ मिनिटांच्या आत मी पहिल्यांदाच आले होते. संपल्यावर नळ्यांच्या वेटोळ्यावर आडवी पडून पत्र्याकडे बघून हसत होते.

त्या दिवशी दुपारी मी प्लेट वाचली. पिवळे वेल, फिकट वेल, आणि डोक्यात सकाळपासून तो एक आकडा. तो थकव्यानं लिहिला गेला नाही. आनंदानं लिहिला गेला. हे कळल्यावर चूक लहान झाली नाही, पण माझा जीव जरा थाऱ्यावर आला. इतके दिवस मी स्वतःला बजावत होते की जास्त झोपलीस तर सगळं सुरळीत होईल.

पण झाडाचं राहिलंच. सरांना ते माहीत नाही, कारण ते वहीत नाही. सातव्या नमुन्याचं कळल्यावर मीच त्या बागेच्या मालकांना, काकांना, फोन केला होता. हरण्याला औषध नाही, मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, म्हणून झाड उपटून बागेबाहेर पुरायचं. काकांनी विचारलं, उपटू का मंग? मी म्हटलं, हो.

आज नऊच्या सुमारास पुन्हा लावला फोन. म्हटलं काका, मागच्या साली विहिरीकडच्या ओळीतलं एक झाड, माझ्या सांगण्यावरून काढलं होतं तुम्ही.

"कोनतं झाड? तव्हा तं साठेक झाडं उपटली होती मी."

मी सगळं सांगितलं. ते गप्प ऐकत होते, मागे टीव्ही चालू होता. मग म्हणाले, तिथं नांगी भरली होती, म्हणजे रिकाम्या जागी दुसरं झाड लावलं होतं, ते आता निसवू राह्यलं, घड बाहेर पडतोय, बाकीच्या ओळीची कापणी चालू आहे. "तुम्ही तपासा परत. पन आता त्याचं काय?"

मी म्हटलं, मला माहीत असायला पाहिजे.

"मंग तपासा," म्हणाले. कापणी आहे तोवर येऊन दोन फण्या घेऊन जा, असंही म्हणाले.

सातव्या नमुन्याचं उरलेलं पान डीप फ्रीझरमध्ये आहे, दुपारीच शोधून ठेवलंय. प्लेटला आज अँटिबॉडी लावून चार अंशावर ठेवली. उद्या पानाचा रस, परवा कॉन्जुगेट, म्हणजे विकर जोडलेली अँटिबॉडी, आणि रीडिंग. म्हणजे या रविवारी नाशिक नाही. कोचना कळवलं. त्यांनी रविवारचे एर्गोचे सेट पाठवून दिले, वर काही लिहिलं नाही.

सरांना सोमवारी झाडाचं सांगायचं आहे. काय म्हणतील माहीत नाही.

आत्ता २.०३ वर एक आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. बाजूला आजची तारीख, सही. 'एर्गोचा स्प्लिट' असं कारण लिहिलं, पूर्ण अक्षरांत. 'पॉझिटिव्ह'वर अजून काही केलेलं नाही. ठिपका तसाच आहे, तो मी पुसणार नाही.