जिंकलो तर खर्च समोरच्याकडून मिळेल ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न बहुतेक असाच येतो: लेआउटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी बदनामी केली, अब्रुनुकसानीचा दावा लावायचा आहे, जिंकलो तर कोर्ट फी, वकिलाची फी, सगळं समोरच्याकडून वसूल होईल ना? काही भाग होईल, तोही मागितलात आणि कागदावर दाखवलात तर. वकिलाला प्रत्यक्षात मोजलेली रक्कम पूर्ण परत येईल असं धरून दावा लावू नका.

लोकांचा हा समज परदेशातल्या बातम्यांनी पक्का होतो. लंडनला २०२२ मध्ये रिबेका वार्डी या फुटबॉलपटूच्या पत्नी दुसऱ्या फुटबॉलपटूच्या पत्नी कोलीन रूनी यांच्याविरुद्धचा अब्रुनुकसानीचा खटला हरल्या आणि रूनी यांच्या खर्चाचा ९० टक्के भाग वार्डींवर बसला. पहिला हप्ताच ८ लाख पौंडांचा होता. आपल्याकडे तसं होत नाही.

आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ चालतं. खर्च कुणी, किती द्यायचा हे न्यायाधीशांच्या विवेकावर आहे. हरणाऱ्याने द्यावा ही साधारण रीत, आणि तसं करायचं नसेल तर कारण लिहून द्यावं लागतं. प्रत्यक्षात मात्र निकालाच्या शेवटी ‘ज्याने त्याने आपापला खर्च सोसावा’ एवढी एकच ओळ अनेकदा दिसते. ती ओळ टाळण्याचं काम युक्तिवादाच्या दिवशीच करायचं असतं. निकाल लागल्यावर फक्त खर्चासाठी अपील सहसा टिकत नाही.

खर्च मिळाला तर हुकूमनाम्याखाली (निकालावरून निघणाऱ्या अंतिम आदेशाखाली) तक्ता येतो: कोर्ट फी, समन्सचा खर्च, साक्षीदारांचा भत्ता, टायपिंग, दाव्याआधीच्या नोटिशीचा खर्च, आणि वकील फी. ही वकील फी नियमांच्या तक्त्याप्रमाणे लागते, तुमच्या पावतीप्रमाणे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सालेम बार असोसिएशनच्या प्रकरणात प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च द्यावा असं म्हटलं. पण २०११ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने दिलेला ४५ लाख २८ हजारांचा खर्च सर्वोच्च न्यायालयानेच रद्द केला, कारण नियमांत तशी सोय नव्हती. नियमांप्रमाणे होईल तो खर्च आणि वर ३ हजार रुपये, एवढंच उरलं.

हे ३ हजार त्याच संहितेच्या कलम ३५अ मधले. खोटा किंवा निव्वळ त्रास देण्यासाठी लावलेला दावा असेल तर मिळणाऱ्या भरपाईची ती कमाल मर्यादा आहे. रक्कम आज अगदीच तोकडी आहे, आणि ती वाढवावी असं सर्वोच्च न्यायालयानेच सुचवलं होतं. तरी प्रतिवादी असाल तर कैफियतीतच (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरातच) लिहा की हा दावा खोटा आहे आणि वादीला ते ठाऊक आहे. आक्षेप आधी घेतलेला नसेल तर हे कलम लागू होत नाही.

सर्वांत महागात पडते ती फुगवलेली मागणी. कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर बसते. समजा नुकसानभरपाई म्हणून २५ लाख मागितले आणि कोर्टाने १ लाख मंजूर केले, तर दावा चार टक्के मंजूर झाला. ‘प्रमाणशीर खर्च’ असा हुकूम झाला तर २५ लाखांवर भरलेल्या फीपैकीही चारच टक्के हाती येतात. उरलेली फी गेली. शिवाय प्रतिवादीची वकील फीही दाव्याच्या मूल्यावर मोजली जाते, म्हणजे हरलात तर त्याचा तक्ताही तुमच्याच आकड्याने वाढतो. समोरच्याला धाक बसावा म्हणून मोठा आकडा टाकू नका. सिद्ध करता येईल तेवढाच मागा. (मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष, हेही लक्षात असू द्या.)

नागपुरात हा दावा सिव्हिल लाईन्समधल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात, दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतो. मुंबईसारखा थेट उच्च न्यायालयात दावा लावण्याची सोय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात नाही. मग तारखा सुरू होतात. समोरचा ठरलेली पायरी गाळतो किंवा मुदत मागतो, तेव्हा कलम ३५ब खाली त्या दिवसाचा खर्च मागा आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंद झाली की नाही ते पाहा. हा खर्च पुढच्या तारखेला भरल्याशिवाय त्याला आपली बाजू पुढे चालवता येत नाही. हुकूमनाम्याच्या खर्चात तो धरत नाहीत, न भरल्यास वेगळा आदेश निघतो. वादी अचानक दावा मागे घेण्याची पुरसीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) देतो तेव्हाही बोला. परवानगीशिवाय दावा मागे घेणारा खर्चाला जबाबदार असतो, पण कुणी मागितलाच नाही तर पुरसीस दाखल होऊन प्रकरण त्याच दिवशी निकाली निघतं.

फौजदारी तक्रारीचं गणित निराळं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली शिक्षा झाली, तरच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ४०० प्रमाणे आरोपीने फिर्यादीचा खर्च द्यावा असा आदेश होऊ शकतो. त्यात वकील फीसुद्धा येते. उलट, आरोपी सुटला आणि तक्रारीला वाजवी आधारच नव्हता असं दंडाधिकाऱ्यांना वाटलं, तर त्याच संहितेच्या कलम २७३ खाली फिर्यादीला भरपाई द्यावी लागू शकते. फौजदारी फुकटात पडते म्हणून तिकडे वळणाऱ्यांनी हे कलम आधी वाचावं.

पावत्यांसाठी पहिल्या नोटिशीपासून एक फाइल ठेवा. नोटिशीच्या वकील फीची पावती, स्पीड पोस्टची पावती, कोर्ट फीचं चलन, साक्षीदाराच्या प्रवासाची तिकिटं. युक्तिवादाआधी या सगळ्यांचा खर्चाचा तक्ता वकिलामार्फत दाखल करा. दाव्याच्या विनंतीत ‘दाव्याचा खर्च’ हे शब्द आहेत ना, तेही पाहा. आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. कितीतरी प्रकरणांत हातात पडणारी सगळ्यांत मोठी रक्कम तीच असते.

हुकूमनामा झाला म्हणजे पैसे आले असंही नाही. समोरच्याने दिले नाहीत तर दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावावी लागते. दरखास्तीला १२ वर्षांची मुदत आहे, पण समोरच्याची मालमत्ता कुठे आहे, पगार कुठून होतो, हे शोधून द्यायचं काम तुमचंच. दावा लावण्याआधीच ही माहिती काढा.