बोरचं पाणी

"आते आपला बोरनं पानी टाकीसन दखाड."

काका एवढंच म्हणाले आणि माझी ऐट उतरली.

सुट्टीला अमळनेरला आलोय. येताना चिमूटभर हायड्रोजेल, म्हणजे पाणी शोषून फुगणारी पूड, आणलं होतं. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने कोरडवाहू पिकांसाठी 'पुसा हायड्रोजेल' काढलंय, त्याच जातकुळीतलं. ग्लासात 1 ग्रॅम पूड, वर पाव लिटर डिस्टिल्ड पाणी. थोड्या वेळाने ग्लास उलटा केला, थेंब पडेना. काकू येऊन बोट लावून बघून गेल्या.

मग बोरचं पाणी. तेच, ज्यानं आमचं तपेलं आतून पांढरं होतं. पूड फुगली, पण थोडीच. वर पाणी आपलं डुचमळतंय.

कारण मला पाठ आहे. पूड म्हणजे पॉलिमर, लांब रेणूंच्या साखळ्यांचं जाळं. पाण्यात साखळ्यांवर ऋण भार असतो, त्या एकमेकींना ढकलतात म्हणून जाळं फुगतं. जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम तो भार दाबतं, साखळ्या बांधून टाकतं. परीक्षेत यावर मार्क मिळालेत!

पण वर्षभर सगळी रीडिंग घेतली ती डिस्टिल्ड पाण्यातच. छान येतात ना.

काकांनी दोन्ही ग्लास शेजारी ठेवले. "मंग ते पयलं पानी कथाईन आनानं?"