मॅटखालची ओल

बाबांचं म्हणणं एवढंच होतं, की यंदाची माटोळी, म्हणजे चवथीला (गणेशचतुर्थीला) गणपतीच्या वर टांगतात ती फळांची आरास, एट हंड्रेडच्या टपावरूनच यायला हवी. २००८ च्या दसऱ्याला घेतलेली आमची मारुती ८००. तेव्हापासून दर चवथीला गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या बाजारातून सुपारीचे घोस, तोरिंगं, चिबूड, कवंडळं, कांगण्या असं माटोळीचं सगळं तिच्याच कॅरियरवरून घरी यायचं. कोविडच्या वर्षापासून हे बंद पडलं. बोलणं झालं ते मे २०२३ मध्ये. आरसी, म्हणजे नोंदणीचा दाखला, काढून बघितली तर नोंदणीची मुदत ऑक्टोबर २०२३ ला संपत होती.

खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नवी करून घ्यायची. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते आमच्या गाडीचं काय झालंय ते. तीन वर्षं ती फणसाखाली, अर्धवट शेडमध्ये उभी होती. या काळात जेमतेम चारशे किलोमीटर फिरली असेल. बाबांना वाटायचं की गाडी वापरली नाही म्हणजे जपली.

घरात गाड्यांचं वेड मला एकटीला. भावाला गाडी म्हणजे एसी आणि गाणी. मी हिच्यावरच शिकले, कवळ्याच्या चढावर, हाफ क्लच सोडताना बाबांचा हात हँडब्रेकवर. आता रोज पणजीला जायला बाणस्तारीच्या पुलावरून माझी ऑटोमॅटिक जाते. ती चांगली गाडी आहे, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एट हंड्रेडचं तसं नाही. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ३७ बीएचपी, चार गिअर, पॉवर स्टिअरिंग नाही. पण साडेसहाशे किलोच्या आसपासची गाडी, त्यामुळे रस्त्यावरचा खडासुद्धा हाताला कळतो. बोरीच्या चढाला सेकंडवर ती जो आवाज करते, तो ऐकून मी अजूनही खूश होते. हसणाऱ्यांनी हसावं.

नवी बॅटरी घातली आणि गाडी तिसऱ्या सेल्फला चालू झाली. बाबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. मी आत बसले आणि कुबट वास आला. पाय ठेवला तिथली मॅट पचपचली.

मॅट, मग कार्पेट, मग त्याखालचा नमदा (जाड फेल्टचा थर) असं एकेक उचलत गेले. नमदा पिळला तर पाणी गळलं. मे महिन्यात! म्हणजे आदल्या पावसाळ्याचं पाणी आठ महिने तिथेच होतं. त्याखाली फ्लोअरवर डांबराची शीट असते, ती बोटाने दाबली तर बोट खाली गेलं. स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर खालची लाल माती दिसली.

आमचा टिंकर, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणारा, बाबांचा शाळेतला विद्यार्थी. तो खाली झोपला, टॉर्च मारली आणि म्हणाला, "बाय, हांगा पत्रो खंय आसा? फकत डांबर उरलां." मग हळू आवाजात, "सरांक सांगू नाका."

इथे मला माझी स्वतःची चूक सांगायलाच हवी. २०१६ मध्ये मी हौसेने गाडीला खालून अंडरकोटिंग करून घेतलं होतं. काळं, जाड, रबरासारखं. त्या गॅरेजने गाडी सकाळी धुतली आणि दुपारी कोटिंग मारलं. मी समोर उभी होते आणि मला काही खटकलं नाही. सांध्यांमधलं पाणी सुकलं नव्हतं, थोडा गंज होता तो घासला नव्हता, आणि त्यावर झाकण बसलं. पुढची सात वर्षं गंज आतल्या आत पसरत गेला आणि बाहेरून सगळं काळंकुळकुळीत. अंडरकोटिंग वाईट नाही. पण ते कोरड्या, घासलेल्या, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर लागलं तरच उपयोगाचं. ओल्यावर मारलं तर न मारलेलं बरं.

माझ्या मामेभावाची गाडी मिरामारला समुद्राजवळ असते. तिला गंज वरून धरला. खारा वारा लागतो तिथे, बॉनेटची कड, दरवाज्यांच्या कडा, कॅरियरचे नट, सगळं डोळ्यांना दिसतं आणि माणूस वेळेवर जागा होतो. आमच्याकडे खारं वारं कमी, पण पाऊस बेसुमार आणि झाडं डोक्यावर. आमच्या गाड्या आतून जातात.

टिंकर लगेच वेल्डिंगला बसेल असं मला वाटलं होतं. तो बसला नाही. "उदक खंयच्यान येता तें पयलीं सोदूंक जाय." पाणी कुठून येतं ते आधी शोधायला हवं. मग एक अख्खी सकाळ आम्ही त्यात घालवली. सगळ्या मॅट काढलेल्या, मी आत टॉर्च घेऊन पालथी, तो बाहेरून पाइपने पाणी सोडतोय. दरवाजे बंद करून दरवाज्यावर पाणी मारलं, काही नाही. टपावर मारलं, काही नाही. पुढच्या काचेच्या खाली, वायपर असतात त्या जाळीवर पाइप धरला आणि दोन मिनिटांत डॅशबोर्डच्या मागून, ॲक्सिलरेटरच्या वरच्या बाजूने पाण्याची बारीक धार आली.

काचेखाली त्या जाळीच्या आत एक पन्हाळी असते. काचेवरचं पाणी तिच्यात पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकाच्या मागे निघून जातं. आमच्या पन्हाळीत फणसाच्या पानांचा खत झाला होता. भोकं बंद, मग पाणी चढतं आणि हवा आत घ्यायच्या तोंडातून केबिनमध्ये उतरतं. मी हाताने अर्धी बादली काळा चिखल काढला. त्यात एक कोंब फुटलेली बी होती. दरवाज्यांच्या तळालासुद्धा अशीच छोटी भोकं असतात, तीही मातीने बुजलेली. सायकलच्या चाकाची तार घालून मोकळी केली. या सगळ्याला खर्च शून्य. वर्षातून दोनदा, एकदा पावसाआधी आणि एकदा पाऊस ओसरल्यावर हे केलं असतं तर पुढचं काहीच करावं लागलं नसतं.

पुढचं म्हणजे तेरा दिवस. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा जवळजवळ पूर्ण कापला, डाव्या बाजूचा एक हातभर, आणि मागच्या सीटखाली एक तुकडा. मागचा तुकडा टाकीच्या जवळ होता, म्हणून पेट्रोलची टाकी उतरवली. आतलं पेट्रोल वार्निशसारखं वास मारत होतं, ते फेकलं. वेल्डिंगआधी बॅटरी सोडली आणि इंजिनच्या कंप्युटरचा कनेक्टर काढला, कारण हे मॉडेल एमपीएफआय आहे, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते कंप्युटर ठरवतो, आणि वेल्डिंगच्या करंटने तो जळू शकतो. टिंकरला हे सांगावं लागलं नाही, त्यानेच मला सांगितलं. गॅस वेल्डिंग स्वस्त पडतं, पण त्याच्या उष्णतेने पातळ पत्रा वाकतो आणि कडेचा चांगला पत्राही मऊ होतो. आम्ही सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइडच्या आडोशाने केलेलं विजेचं वेल्डिंग) केलं, २० गेजच्या पत्र्याचे तुकडे घालून. मग घासणं, प्रायमर, सांध्यांना सीलंट, दोन दिवस उन्हात दरवाजे उघडे टाकून गाडी सुकवणं, आणि त्यानंतर अंडरकोटिंग. या वेळी मी हाताने चाचपून बघितलं.

टायरही बदलले. १२ इंची, १४५/७० चे टायर आता दुकानात पडलेले नसतात, मागवावे लागतात. जुन्यांची नक्षी शाबूत होती पण बाजूला चिरा पडल्या होत्या. सगळा खर्च ४१ हजारांच्या आसपास गेला. बाबांना मी २० सांगितला. एवढ्या पैशांत त्या महिन्यात अशीच एक गाडी अख्खी विकत मिळत होती, हे भावाने दोनदा सांगितलं.

पीयूसीला, म्हणजे धुराच्या तपासणीला, आम्ही पहिल्यांदा नापास झालो. या काळातल्या पेट्रोल गाडीला आयडलवर (रेस न देता इंजिन चालू असताना) कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्याच्या आत लागतो, हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत. आमचा कार्बन मोनॉक्साइड दुपटीहून वर. मी लगेच ऑक्सिजन सेन्सरच्या किमती शोधायला लागले. मेकॅनिकने आधी एअर फिल्टरचा डबा उघडला. आत उंदराचं घर! नारळाचा काथ्या, वर्तमानपत्राचे तुकडे आणि आमच्याच नमद्याचे पुंजके. घर उठवलं, नवा फिल्टर, तीन प्लग. दुसरी चूक अशी, की पहिल्यांदा मी घरापासून दोन किलोमीटरवर थंड इंजिनाने गेले होते. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय कामच करत नाही. दुसऱ्यांदा बोरीच्या पुलापर्यंत जाऊन आले, तापमानाचा काटा मध्यावर आला, आणि इंजिन बंद न करता तशीच गाडी पीयूसीच्या दारात नेली. पास झाली.

कागदांचं प्रकरण त्यामानाने लहान, पण त्याने डोकं जास्त खाल्लं. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, त्याआधी नाही. फॉर्म २५, आरसी, विमा, पीयूसी आणि चॅसी नंबरचा (गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबरचा) पेन्सिल प्रिंट. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीचं शुल्क ६०० वरून थेट ५,००० झालं होतं. उशीर झाला तर महिन्याला ५०० वेगळे. अर्ज ऑनलाइन भरायला बसले तर ओटीपी जाणार बाबांच्या जुन्या मोबाइलवर. ते सिम त्यांनी २०१५ मध्ये टाकून दिलेलं. नंबर बदलायला गेले तर नाव जुळत नाही.

हे मात्र अगदी गोव्याचं दुखणं. बाबांचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला. जन्माच्या दाखल्यावर आडनावाच्या शेवटी पोर्तुगीज वळणाची 'क्यू-यू-ई' ही अक्षरं. नोकरीचे कागद, बँक आणि त्यावरून आरसी, सगळीकडे तेच. आधार काढताना समोरच्या मुलाने विचारलं, स्पेलिंग काय, आणि बाबांनी सरळ 'के' सांगितला. दोन्ही माणसं एकच, हे बाबांना कळतं, मला कळतं, कंप्युटरला कळत नाही. शेवटी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, नोटरी, आणि ऑफिसात दोन खेपा. दुसऱ्या खेपेला खिडकीवरच्या बाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, माझ्या सासऱ्यांचंही असंच आहे. पाच मिनिटांत काम झालं. बाहेर एजंट हेच काम तीन हजारांत करायला तयार होता. मी दिले नाहीत. रजा धरून हिशेब केला तर द्यायला हवे होते.

चॅसी नंबर या गाडीत बॉनेटच्या आत, इंजिनमागच्या पडद्यावर ठोकलेला असतो. तिथे गंज धरला असता तर मात्र खरी पंचाईत होती, कारण नंबर वाचता आला नाही तर पुढे काहीच सरकत नाही. रॉकेलच्या बोळ्याने पुसला, कागद लावला, पेन्सिल घासली. एकेक अक्षर उमटत गेलं. नंतर तिथे ग्रीसचा हलका हात दिला.

तपासणी चवथीच्या आठ दिवस आधी. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून डाव्या सीटवर. इन्स्पेक्टरने नंबर ताडून बघितले, ब्रेक, हँडब्रेक, हॉर्न, वायपर, इंडिकेटर. मागे गेला आणि म्हणाला, नंबर प्लेटचा दिवा पेटत नाही. चार महिने मी फ्लोअर, पन्हाळी, कन्व्हर्टर करत बसले आणि हा बल्ब कोणी बघितला नाही. समोरच्या दुकानातून वीस रुपयांचा बल्ब आणला, बाबांच्या चष्म्याच्या छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने तिथेच बसवला. इन्स्पेक्टर वाकून खालून बघत होता तेव्हा माझ्या छातीत धडधड. त्याने फ्लोअरवर बोटाची टिचकी मारली, आवाज ऐकला आणि सही केली. २०२८ पर्यंत.

१९ सप्टेंबरला चवथ होती. आदल्या दिवशी बाजारात पाऊस धो-धो. कॅरियरवर सुपारीचे घोस बांधले, चिबूड मागच्या सीटवर, कवंडळं बाबांच्या मांडीवर. परतताना बाबांनी डॅशबोर्डवर हात फिरवला आणि विचारलं, "वीसच लागले ना गो?" मी गिअर बदलला.

आता दर रविवारी बोरीच्या पुलापर्यंत जाऊन येते, इंजिन नीट तापेपर्यंत. घरी आल्यावर मॅटखाली हात घालायची सवय लागली आहे. परवा उजवीकडे खडखडीत कोरडं होतं. डावीकडे, कोपऱ्यात, बोटाला किंचित ओल लागली. काचेची रबर बीडिंग मागवली आहे.