कौतुक नको, टायमिंग सांगा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमीचाच आहे, विचारणारे तेवढे बदलतात. जिन्यात भेटलेल्या वहिनी, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले कुणाचे तरी मामा, परवा तर पासबुक भरून देणारी बँकेतली मुलगीसुद्धा. "पळता ते ठीक आहे हो, तब्येतीला चांगलं. पण त्रेसष्टाव्या वर्षी शर्यतीत कशाला? आणि उतरायचंच तर मॅरेथॉनमध्ये उतरा, दहा किलोमीटर काय!"

मॅरेथॉनचं आधी उरकते. २००४ पासून, कोविडची दोन वर्षं सोडली तर, दर जानेवारीत मुंबईत मॅरेथॉन होते, त्यामुळे आपल्याकडे पळणं म्हणजेच मॅरेथॉन असं होऊन बसलंय. चार किलोमीटर चालून आलेला माणूसही "मॅरेथॉन करून आलो" म्हणतो. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. मी एकदा अर्धी पळाले, माहीमहून सी लिंकवरून सीएसएमटीपर्यंत. पेडर रोडच्या चढावर मला माझ्या आजीपासूनचे सगळे पूर्वज आठवले. पुन्हा त्या वाटेला गेले नाही. लांबच्या पल्ल्यात दम राखून, मध्ये चार पावलं चालून, गप्पा मारून निभावता येतं. दहा किलोमीटरात दुसऱ्या किलोमीटरला जी धाप लागते ती शेवटपर्यंत सुटत नाही. मला तेच आवडतं. आवड विचित्र आहे, मान्य.

आता खरा प्रश्न. शर्यत कशाला?

मी शाळेत होते तेव्हा मुलींच्या वाट्याला लिंबू-चमचा, संगीत खुर्ची आणि फार तर शंभर मीटर. त्यात आमच्या शाळेचा दोष नव्हता, जगभर तीच तऱ्हा होती. ऑलिंपिकमध्ये बायकांना पंधराशे मीटर पळू दिलं ते १९७२ मध्ये, मॅरेथॉन १९८४ मध्ये आणि दहा हजार मीटर १९८८ मध्ये. म्हणजे ज्या अंतरावर आज माझा जीव आहे, ते ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि कडेवरच्या पोराला वरणभात भरवत होते. पुढे २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या नाशिककडच्या कविता राऊतने याच अंतरात ब्राँझ मिळवलं. त्या संध्याकाळी मी टीव्हीसमोर उभीच होते, बसवेना. तोवर मला शिवाजी पार्कात पळायला लागून दोन वर्षं झाली होती. सुरुवात काही थोर कारणाने झाली नव्हती. साखर वाढली होती.

आमचा क्लब म्हणजे तीस-पस्तीस माणसं, मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे साडेपाचला पार्कात. कट्ट्याला धरून एक फेरी सव्वा किलोमीटरला थोडी कमी भरते. मंगळवारी इंटरव्हल: एक फेरी जोरात, मग दोन मिनिटं हळू, असं पाच वेळा. तरुण पोरं हे करून दुसऱ्या दिवशी पुन्हा पळतात. मला मध्ये दोन दिवस लागतात, नाहीतर पोटरी तक्रार करते. वयाबरोबर जोरात पळताना शरीर वापरू शकतं तो प्राणवायू कमी होतो, दहा वर्षांत साधारण दहा टक्के. हृदयाचे सर्वाधिक ठोकेही उतरतात. सराव केला तर प्राणवायूची घसरण थोडी हळू होते, थांबत मात्र नाही. एक्कावन्नाव्या वर्षी मी दहा किलोमीटर ५४ मिनिटं १२ सेकंदांत पळाले होते. आता ६२ च्या आत आले तरी पेढे वाटते. वयाचा हिशेब धरून वेळ मोजायचे तक्ते असतात. त्यांच्याप्रमाणे आजची माझी बासष्टच्या आतली वेळ त्या चोपन्नाच्या जवळजवळ तोडीची ठरते. क्लबातल्या एका हिशेबी मुलाने ते काढून दाखवलं तेव्हा बरं वाटलं. पण दोन दिवसांनी वाटलं, हेही शेवटी कौतुकच की.

आणि माझं भांडण कौतुकाशीच आहे. साठी उलटली की माणसाचं फक्त कौतुक होतं. भाजी आणली, कौतुक. मोबाइलवरून वीजबिल भरलं, कौतुक. रस्त्याच्या कडेला उभी पोरं ओरडतात, "मावशी, जबरदस्त! आरामात!" पोरं प्रेमानेच ओरडतात, पण मी काही आरामात जायला नाव नोंदवलेलं नसतं. घड्याळ तेवढं माझं कौतुक करत नाही. एकसष्ट चाळीस म्हणजे एकसष्ट चाळीस. कॅनडातल्या एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, पूर्ण मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत मारली. त्यांचा सराव घराजवळच्या दफनभूमीत फेऱ्या मारून चाले. आपल्याकडे कोणी असं केलं तर सोसायटीची सभाच भरेल.

तर गेल्या डिसेंबरातली गोष्ट. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, दहा किलोमीटरची शर्यत. आदल्या रात्री टी-शर्टवर बिब, म्हणजे शर्यतीतल्या नंबराचा कागद, लावायला साडीच्या पिनांची डबी काढली. चार पिना, चार कोपरे. एक जरी तिरकी लागली तरी कागद दहा किलोमीटर पोटावर फडफडत राहतो. मंगळसूत्र काढून ठेवलं. पहिल्या वर्षी घालून गेले होते, ते प्रत्येक पावलाला हनुवटीवर आपटत होतं. पहाटे ह्यांना उठवलं नाही, एक केळं खाल्लं आणि निघाले. रविवारची शर्यत लवकर असते हे एक बरं, मेगाब्लॉक लागायच्या आत घरी.

तिथे पिवळी टोपी भेटली. ठाण्याची आहे, माझ्याच वयोगटातली. तीन वर्षं आम्ही एकमेकींच्या मागेपुढे पळतोय, तरी तिची पिवळी टोपी आणि डावा खांदा जरा खाली ठेवून पळायची लकब यापलीकडे मला फारसं काही माहीत नाही.

"बरं आहे ना?" मी विचारलं.

"पोटरी धरलीय जरा. तुमचं?"

"झोपच झाली नाही."

दोघीही थापा मारत होतो. मग ती टॉयलेटच्या रांगेत गेली आणि मी गर्दीतून वाट काढत पुढे सुरुवातीच्या रेघेजवळ जाऊन उभी राहिले. ते नडलं, पण ते नंतर.

पहिला किलोमीटर ५ मिनिटं ४८ सेकंद. ठरवले होते सव्वासहा. दरवेळी ठरवते, दरवेळी सगळे सुटतात आणि मीही सुटते. चौथ्याला पाणी, अर्धं तोंडात, अर्धं मानेवर. मनगटावरचं घड्याळ उपग्रहांवरून अंतर मोजतं, त्या काचेच्या उंच इमारतींमध्ये ते गोंधळतं. सातव्या किलोमीटरची पाटी येण्याआधीच त्याने सात किलोमीटर झाल्याचं वाजवलं. पुष्कळ जण मग आयोजकांशी भांडतात की अंतर जास्त होतं. नियमाप्रमाणे रस्ता सायकलच्या चाकाला लावलेल्या मोजणीयंत्राने मोजतात, तोही वळणांवर सगळ्यात आतल्या, सगळ्यात छोट्या वाटेने, आणि कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग वर धरतात. दहा किलोमीटरला दहा मीटर. त्यामुळे वळणावर बाहेरून गेलात तर ते जादा अंतर तुमच्या खात्यात. बांद्र्याचे रिक्षावाले जसा कोपरा कापतात, तसा मी कापते. क्लबात मला एवढं एकच नीट जमतं.

आठव्याच्या पाटीपाशी मागून पावलं ऐकू आली. डावं थोडं जड पडणारी. पिवळी टोपी शेजारून पुढे गेली, वळूनही न बघता. धरलेली पोटरी कुठे गेली देव जाणे! मी तिच्या मागे तीन पावलांवर चिकटले. तिच्या काळ्या टी-शर्टवर पाठीच्या मधोमध घामाचं मीठ फुटलं होतं, पांढरं, नकाशासारखं. पुढचे बारा मिनिटं मी तेवढंच पाहिलं. तोंडात तांब्याची चव, डोक्यात एकही विचार नाही, घराचा, पोरांचा, कशाचा नाही. कडेला कोणीतरी "आजी, शाब्बास!" म्हणालं. ते तिला होतं की मला, दोघींनीही विचारलं नाही.

शेवटच्या चारशे मीटरांत यू-टर्न. ती बाहेरून गेली, मी दुभाजकाला खेटून आतून. वळून बाहेर पडले तेव्हा टोपी माझ्या खांद्याशी होती. मग कसं कोण जाणे, पण रेघ मी आधी ओलांडली. दोन सेकंदांनी. वाकून गुडघ्यांवर हात ठेवले तर तिचाही हात माझ्या पाठीवर. दोघींना बोलता येईना. उपम्याचा डबा घेऊन फुटपाथवर बसलो तेव्हा कळलं की तिला दोन नाती आहेत.

आणि मग मोबाइलवर निकाल आला. वयोगटाचे नंबर चिपच्या वेळेवर होते, म्हणजे प्रत्येकीने सुरुवातीची रेघ ओलांडल्यापासून. रांगेतून उशिरा आलेली पिवळी टोपी ती रेघ माझ्यानंतर तेरा सेकंदांनी ओलांडून निघाली होती. तिची वेळ ६१:२९, माझी ६१:४०. ती तिसरी, मी चौथी. तिने मोबाइल माझ्यासमोर धरला, जरा ओशाळून. मी म्हटलं, पुढच्या वेळी मीही त्या रांगेत उभी राहीन.

घरी आले तर हे पेपर वाचत होते. "काय मग, मजा आली?"

"अकरा सेकंदांनी गेला नंबर."

"अगं, या वयात एवढं..." म्हणाले, आणि माझा चेहरा पाहून थांबले. पेपर घडी करून बाजूला ठेवला. "बरं, कुठे गेले अकरा सेकंद?"

मग मी पहिल्या किलोमीटरपासून सांगायला बसले. चहा दोनदा गरम करावा लागला.