ग्रीस नव्हे, तेल

विदर्भातल्या खेड्यात जुनी मोटार सापडते ती बहुधा गोठ्याशेजारी, कुटाराच्या ढिगाआड. टपावर कोंबड्यांची वहिवाट, डिकीत स्प्रिंकलरचे पाइप. ती स्टँडर्ड हेरॉल्ड निघाली की घरातलं कोणी तरी म्हणतंच, "आजोबाची गाडी हाये, इकाची नाही." त्यावर नातू, "मंग चालवून त पाहू." यापुढचा खर्च कोणी मोजत नाही.

हेरॉल्ड स्वतः स्पोर्ट्‌स कार नव्हे, पण त्या घराण्यातली नक्की. १९५९ साली ट्रायम्फ कंपनीने ती इंग्लंडात काढली, रूप मिकेलोत्ती या इटालियनाने दिलं, आणि १९६१ पासून ती मद्रासला स्टँडर्ड नावाने बनू लागली. तिचीच चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड करून १९६२ ची दोन माणसांची उघडी स्पोर्ट्‌स कार स्पिटफायर झाली. चार दारांची हेरॉल्ड मात्र फक्त आपल्याकडे. मागे आजी, आत्या आणि पापडाचा डबा चढवायचा तर दोन दारांत कसं भागणार?

हिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं. मग टायरवर ऐसपैस बसून कार्बोरेटर खोलायचा. एवढी मिस्त्रीधार्जिणी गाडी विरळाच. जाम झालेल्या इंजिनाची उगाच धास्ती घेतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल ओतायचं, आठवडाभर थांबायचं, मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू पुढेमागे हलवायची. धक्का मारून स्टार्ट करायची घाई केली की रिंग तुटते. इंजिन फिरू लागलं की कोणाला तरी क्लच दाबायला सांगून पुढच्या पुलीकडे बघावं. पुली डोळ्याला दिसेल इतकी सरकत असेल तर क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकत्या, म्हणजे थ्रस्ट वॉशर, संपलेत. ते खाली गळून पडले तर ब्लॉकच खराब होतो.

खरा घात पुढच्या चाकांत असतो. तिथे खाली पितळी रंगाचा, कांशाचा सांधा असतो, तो ट्रनियन, आणि चाक धरणारी पोलादी उभी दांडी, म्हणजे व्हर्टिकल लिंक, त्यात आट्यांनी बसते. स्टिअरिंग वळवलं की हे आटेच फिरतात. त्यांना हवं घट्ट गिअर ऑइल, ईपी ९० जातीचं. पण गावात ट्रॅक्टर, बंडी, थ्रेशर सगळ्यांनाच ग्रीस, त्यामुळे काकांनी, मामांनी, ड्रायव्हरने मोठ्या मायेने इथेही ग्रीसच ठासलेलं असतं. ग्रीस आट्यांत खोल उतरत नाही, वाळून खडा होतं. मागून पावसाचं पाणी शिरतं, पोलाद आतून गंजतं आणि एके दिवशी वळताना लिंक आट्यांपाशी तुटून चाक आडवं पडतं. जिथे हेळसांड झाली तिथे निदान संशय तरी येतो. इथे वरून सगळं चकचकीत असतं.

म्हणून रंगाआधी हे उघडावं. दोन्ही बाजूंचे आटे एकमेकांच्या उलट असतात, सुटे भाग अदलाबदल करू नयेत. ट्रनियन पूर्ण आवळून मग थोडा मागे घ्यायचा, नाहीतर स्टिअरिंग पूर्ण वळत नाही. लिंकच्या आट्यांवर खड्डे दिसले तर लेथवाल्याकडे नेऊ नये, नवीच घालावी. हे भाग इंग्लंडात अजून मिळतात.

चासीतून बाजूला निघालेल्या पत्र्याच्या हातांत काळ्या मातीचा गाळ बसतो आणि ती माती ओल धरून ठेवते. स्क्रूड्रायव्हर टोचून बघावा. वरची लांबी (पुटी) फुटून आत गेला तर पत्रा कापायलाच हवा. बॉडी बोल्टांवर आहे, ती उचलता येते. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं धरूनच चाला. इथेनॉलच्या पेट्रोलने इंजिनावरच्या पंपाचं जुनं रबरी डायफ्राम आणि नळ्या सुजतात, त्या आधीच बदलाव्या. मे महिन्यात या पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी रस्त्यात थांबते. त्यावर ओल्या फडक्याइतका उपाय नाही. जॅक काढल्यावर मागची चाकं आत दुमडलेली दिसली तर घाबरू नये, दहा पावलं ढकलली की सरळ होतात.

तेलाचं विसरू नये म्हणून दोन दिवस ठरवावेत. एक होळीचा, दुसरा पोळ्याच्या आदल्या दिवसाचा. त्या दिवशी बैलांचे खांदे तुपाहळदीने मळून "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हणतातच. तेव्हाच ट्रनियनचा प्लग काढून निपल लावायचा आणि ऑइल भरलेली ग्रीसगन मारायची. वरून आधी काळपट, रवाळ येतं. स्वच्छ तेल दिसेपर्यंत थांबायचं नाही, आणि मधून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवायचं.